अंगणातला खेळ आणि अकरा रजिस्टरं

'अंगणवाडी' हा शब्द आज आपल्याला सरकारी खात्याचा वाटतो. पण मंडळी, तो खात्यात जन्मला नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली गरीब मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून वस्तीत गेली आणि अंगणात बसली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शंखशिंपले, बिया, पानं आणि माती हीच साधनं झाली.

म्हणजे तिथे मुलांकडे लक्षपूर्वक बघणं नव्हतं का? होतं. माँटेसरी पद्धतीचा पायाच मुळी निरीक्षणाचा. मूल काय उचलतं, कशात रमतं, कुठे अडतं, हे बाईंनी बघायचं. पण ते बघायचं कुणासाठी? उद्या त्या मुलापुढे काय ठेवायचं, हे ठरवणाऱ्या बाईंसाठीच. आमच्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे: नोंद कोण वाचतं?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशभरात ३३ प्रकल्पांत. अंगणवाडीकडे सहा सेवा आल्या: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहाराचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. आता बघा, यातल्या पहिल्या चार सेवा किलोत, ग्रॅममध्ये, डोसांत नाहीतर आकड्यांत मोजता येतात. पाचवीच्याही निदान बैठका मोजता येतात. सहावी मात्र मोजता येत नाही. मातीचा बैल करताना मुलाच्या डोक्यात काय चाललंय, त्याला एकक कुठलं?

योजनेच्या फेररचनेत २०१२च्या सुमारास अकरा रजिस्टरं ठरली. कुटुंबाची माहिती, आहाराचा साठा, आहाराचं वाटप, गरोदरपण व प्रसूती, लसीकरण, जीवनसत्त्व 'अ', गृहभेटी, वजन वगैरे. पूर्वशालेय शिक्षणाला त्यातलं एक. त्यात हजेरी मांडता येते, पण खेळ कसा मांडणार?

पुढे मोबाइल आला. १ मार्च २०२१पासून 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप आलं. कागद कमी होईल ही अपेक्षा होती, पण अनेक ठिकाणी वही आणि मोबाइल दोन्ही भरणं सुरू राहिलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. अ‍ॅपमध्ये मराठी नाही आणि मोबाइलला ते झेपत नाही, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. यंत्र बदललं तरी नोंद वाचणारा लांबचाच राहिला, हे त्या आंदोलनाने दाखवून दिलं.

इथे एक सावधगिरी हवी. रजिस्टरं जाळा, असं आम्ही म्हणत नाही. वजनाची नोंद नसेल तर मेळघाटातलं कुपोषित मूल आपल्याला दिसणारच नाही. ती नोंद जीव वाचवते. प्रश्न आहे तो तीच माहिती तीन ठिकाणी लिहिण्याचा, आणि ती मुलं समोर बसलेली असताना लिहिण्याचा. सेविका एकच असते. ती मान खाली घालून रकाने भरते, तेव्हा मुलं खेळत नसतात, वाट बघत असतात.

२०२०चं शैक्षणिक धोरण आणि २०२२चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही खेळातून शिकण्यावर भर देतात. चांगलंच आहे. पण आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट आली की पाठोपाठ तिचा तक्ता येतो. उद्या 'खेळ घेतला : होय/नाही' असा रकाना आला, तर सगळीकडे 'होय' भरलं जाईल आणि खेळ त्याच रकान्यात संपेल.

म्हणून मागणी साधी ठेवू या. प्रत्येक माहिती एकदाच लिहावी. जी नोंद कुणी वाचत नाही ती बंद करावी. आणि मुलं अंगणवाडीत असतील तेवढा वेळ वही आणि मोबाइल दोन्ही बाजूला असावेत. बोर्डीच्या अंगणात बाईंची नजर मुलांवर होती. ती पुन्हा तिथे वळवायची, तर तिच्यापुढचं ओझं आधी उचलायला हवं.