काळ्या शाईतले वलय : मेंदूतील बुरशीचा माग

🧵 १/८
मेंदूज्वर म्हटला की जिवाणू किंवा क्षयरोग आठवतो. परंतु रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूत बुरशीही शिरते. तिचे नाव क्रिप्टोकॉकस. तिला ओळखायला वैद्यकाला कित्येक दशके लागली.

२/८
सन १८९४, जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड. एका ३१ वर्षीय स्त्रीच्या नडगीच्या हाडातील व्रणात ओटो बुसे आणि अब्राहम बुश्के यांना गोल, किण्वासारख्या पेशी आढळल्या. त्याच सुमारास इटलीत सान्फेलिचे यांना तशीच बुरशी सापडली, तीही पीच फळाच्या रसात!

३/८
१९०५ मध्ये फॉन हान्सेमान यांनी या बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वराचे वर्णन केले. १९१६ मध्ये स्टॉडर्ड व कटलर यांना पेशींभोवती रिकामी जागा दिसली. बुरशी ऊती विरघळवते, असा त्यांनी अर्थ लावला. वस्तुतः ते तिचे जाड, चिकट आवरण होते.

४/८
हेच आवरण पुढे तिची ओळख ठरले. क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीने कण्यातून पाणी काढायचे आणि त्यात ‘इंडिया इंक’ मिसळायची. (नाव हिंदुस्थानचे, शाई मूळची चीनची.) शाईचे कण आवरणात शिरत नाहीत, काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती उजळ वलय उमटते.

५/८
मात्र पेशी मोजक्याच असतील, तर शाई फसते. १९६० च्या दशकात लॅटेक्स चाचणी आली. ती पेशी नव्हे, तर आवरणातून द्रवात सुटलेली शर्करा शोधते.

६/८
१९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली आणि हा दुर्मीळ आजार सर्वत्र दिसू लागला. येथे एक चकवा होता. शरीर लढतच नसल्याने कण्यातील पाण्यात पांढऱ्या पेशी अत्यल्प असत. दाहाची खूण नाही, म्हणून आजार नाही, असे मानणे जिवावर बेतू शकत होते.

७/८
२०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली चाचणी-पट्टी सुमारे दहा मिनिटांत उत्तर देते. रक्तातील ही शर्करा लक्षणांच्या कित्येक आठवडे आधी सापडू शकते. म्हणूनच सीडी४ पेशी १०० पेक्षा कमी असलेल्या एचआयव्हीबाधितांची डोकेदुखी सुरू होण्यापूर्वीच तपासणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

८/८
आणि बुश्के? ते ज्यू होते. १९४३ मध्ये थेरेझिनश्टाट येथील नाझी छळछावणीत त्यांचा अंत झाला. त्यांनी पाहिलेल्या त्या गोल पेशी आजही प्रयोगशाळांत रुग्णाचे भवितव्य ठरवतात.