मेख, डाग आणि हद्द

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी पाठ केली आहे. पण झोपा म्हणजे काय असे शहरातल्या मुलाला विचारले, तर तो झोपेशी त्याचे नाते जोडतो. वास्तविक झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावण्याचे कामट्यांचे, काटक्यांचे दार. बैल वाघाने नेला की चोराने, हे म्हण सांगत नाही. मला मात्र चोराचाच संशय आहे. वाघाने नेला असता, तर म्हणीत वाघ आल्यावाचून राहिला नसता.

आजचा विषय मोटारसायकल चोरीपासून कशी राखावी हा आहे. संतवाङ्मय, स्वातंत्र्यसंग्राम, अर्थकारण अशा थोर विषयांच्या पंगतीत हे नाव पाहून काहींना हसू आले असेल. त्याला माझी हरकत नाही. परंतु मंडपाबाहेर ज्या दुचाकी ओळीने उभ्या आहेत, त्यांच्या जागी दोनशे वर्षांपूर्वी घोडी उभी असती आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांचे अर्धे लक्ष आजच्याप्रमाणेच बाहेर असते. आपले वाहन राखण्याची चिंता या करवीरात पुरातन आहे, आणि त्या चिंतेतून लोकांनी जे उपाय काढले त्यांचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

मराठ्यांच्या घोडदळात स्वार दोन प्रकारचे असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराचा घोडा गेला तर तो सरकारचा गेला. शिलेदाराचा गेला तर त्याची पत गेली, दरमहा गेला, गावातले मानाचे स्थानही गेले. दुसरा घोडा घेण्याची ऐपत नसेल, तर काल स्वतःच्या घोड्यावर बसणाऱ्याने उद्या दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसावे, एवढाच मार्ग उरे. पेशवाईच्या उत्तरार्धात शिलेदार लढाईत घोडा घालताना हात राखून असत, अशी टीका परकीय निरीक्षकांनी केली आहे. टीका खरीही असेल. पण घोडा पडला तर भरपाई मिळेल याची ज्याला खात्री नाही, त्याने हात राखला तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी आपण त्याचे घर पाहावे. गंगावेशीत पहाटे मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून येणारा शेतकरी हा मला आजचा शिलेदारच वाटतो. त्याची गाडी गेली की त्या दिवसापासून दुधाचा रतीब गेला, आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र राहिला.

हा घोडा राखावयाचा कसा? सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखाल आणि एक नालबंद होता. पागेत घोडा ठाणावर बांधीत तो अगाडी-पिछाडीने. अगाडी म्हणजे तोंडाकडून दोन अंगांना ताणलेले दोर, पिछाडी म्हणजे मागच्या पायांचे दोर, आणि सर्व दोर जमिनीत ठोकलेल्या मेखांना. चोराला हे दोर कापता येत नव्हते काय? अवश्य येत होते. परंतु चार दोर कापावयाचे तर वेळ लागतो, घोडा बिथरून खिंकाळतो, मोतद्दार जागा होतो. दोराने चोर अडत नाही, त्याला उशीर होतो. आणि चोराला उशीरच परवडत नाही. कुलूप, साखळी, मेख, कोणत्याही बंधनाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

दुसरा उपाय याहून सूक्ष्म आहे. दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीने फौजेतील घोडे डागण्याची पद्धत सुरू केली, शेरशहाने ती पुन्हा उचलली आणि अकबराने तिला कायम स्वरूप दिले. तिचे मूळ कारण चोरी हे नव्हे. सरदार मंडळी चांगल्या घोड्याचा पगार घेत आणि गणतीच्या दिवशी भाड्याची तट्टे आणून उभी करीत! म्हणून घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग आणि दप्तरात त्याचे व स्वाराचे वर्णन, अशी दुहेरी नोंद ठेवावी लागली. त्या वर्णनाला चेहरा म्हणत. आपण आज मनुष्याची ‘चेहरेपट्टी’ म्हणतो, त्या शब्दाला या हजेरीच्या दप्तराचा वास आहे. अबलख की कुमाईत, पंचकल्याणी की काय, भोवरा कोठे, किंमत किती, असे घोड्यांचे तपशील मराठ्यांच्या कागदांतही आढळतात. सरदाराची लबाडी पकडण्यासाठी काढलेली ही युक्ती चोरावरही आपोआप लागू पडली. डागाचा घोडा पळवता येई. पण विकावयाचा कोणाला?

येथे थोडे थांबले पाहिजे. मेख चोरीची क्रिया अवघड करते, डाग चोरीचा फायदा अवघड करतो. या दोहोंत डाग श्रेष्ठ, असे माझे मत आहे. कारण मालक झोपतो, पण डाग झोपत नाही. मात्र डाग वाचणारा कोणीतरी जागा असावा लागतो. तो म्हणजे गिऱ्हाईक. पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे करणारे दलाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. दर रुमालाखाली ठरतो, पण पावती उघड्यावर होते. पावतीवाचून जनावर दावणीला आणणाऱ्याकडे गाव संशयाने पाहते.

तिसरा उपाय मागाचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे काम वर्णिले आहे. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढीत जावे. माग दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला आणि तेथल्या जागल्याची तशी खात्री पटवून दिली, की पहिल्याची जबाबदारी संपली. पुढचा माग दुसऱ्याने काढावयाचा. असा माग हद्दीमागून हद्द ओलांडीत जाई, आणि ज्या गावी तो शेवटी स्पष्टपणे पोचला, त्या गावावर मालाच्या किमतीची जबाबदारी पडे. केवढी विलक्षण कल्पना आहे! चोर न सापडला तरी भरपाईची वाट होती. आणि आपल्या शिवारात चोराला आसरा मिळू नये, यात साऱ्या गावाचा स्वार्थ गुंतला होता.

आपल्या भागात तर हद्दींना तोटा नव्हता. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर यांच्यामध्ये नदीची रेघ आली. पुढे इंग्रजी अमलात कोल्हापूर संस्थानाच्या भोवती सांगली, मिरज, कुरुंदवाड ही संस्थाने, पलीकडे खालसातील बेळगाव जिल्हा, अशी हद्दींची गोधडीच झाली. चोराला यासारखे सुख नाही. घोडा रात्रीतून एक नदी ओलांडतो; फिर्यादीचा कागद मात्र कचेरीतून कचेरीत आठवडेच्या आठवडे फिरतो.

या इतिहासाचे एक काळे पान आहे, ते उलटून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या रामोशी, बेरड, महार, मांग मंडळींवर गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखण सोपवली, त्यांतल्या अनेकांना इंग्रजी अमलात संशयितांच्या यादीत टाकले गेले. १८७१ साली जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला आणि पुढे तो देशभर पसरला. निरपराध माणसाने रोज चावडीवर जाऊन हजेरी द्यावयाची, परगावी जाण्यास परवानगी मागावयाची! कोणाचा घोडा, कोणाचा बैल याने वाचला असेल असे मला वाटत नाही. माग काढण्याची विद्या ज्याच्यापाशी होती, त्यालाच आपण दावणीला बांधले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी सोनतळीच्या आपल्या छावणीजवळ वसवून पहाऱ्याची व इतर कामे दिली. घोड्यांचा षौक असलेल्या, खडखड्यातून रपेट करणाऱ्या या राजाने ज्यांना लोक चोर म्हणत त्यांच्या हाती राखण दिली. देशातला तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. आजही मोटारसायकल गेली की प्रथम कोणत्या वस्तीकडे बोट दाखविले जाते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे.

सायकलीचा काळ मी भरभर ओलांडतो. नगरपालिकांनी सायकलीवर कर बसविला आणि पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला दिला. तो बिल्ला म्हणजे डागच, पण स्क्रूने काढता येणारा. तेव्हा त्याची किंमत काय ती ओळखा.

मोटारसायकल मात्र घोड्याची खरी वारसदार. १९५५ साली मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, १९६१ मध्ये म्हैसूरहून जावा आली. जावाच्या दिव्याच्या डबीवर खिळ्यासारखी किल्ली असे. एकाची किल्ली दुसऱ्याला चालण्यात नवल नव्हते. प्रसंगी साधा खिळाही काम करी. तेव्हा गाड्या इतक्या थोड्या होत्या, की कोणती गाडी कोणाची हे चौकातल्या पानवाल्याला पाठ असे. गाडी सहज पळविता येई, पण ती घेऊन मिरवावयाचे कोठे? आज तीच गाडी हजारांत एक झाली आहे. एका रंगाच्या, एका बनावटीच्या वीस गाड्या महाद्वार रोडवर एका रांगेत उभ्या असतात, आणि मालक स्वतःच दुसऱ्याच्या गाडीला किल्ली लावून खटपट करतो. झिजलेली किल्ली कधीकधी लागतेही!

चोराची रीत फारशी गूढ नाही. किल्ली गाडीलाच राहिली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर हँडल जोराने मुरगळून त्याचे कुलूप मोडावयाचे आणि गाडी ढकलीत न्यावयाची; सुरू करण्याचे काम पुढच्या गल्लीत. म्हणून हँडलचे कुलूप अवश्य लावावे, पण त्याच्यावर विसंबू नये. मागच्या चाकातून जाड साखळी ओवावी आणि ती खांबाला किंवा भिंतीतल्या कडीला अडकवावी. नुसती चाकाला गुंडाळलेली साखळी गाडी चालू देत नाही, पण दोघांना उचलू देते. आमच्या पूर्वजांनी घोड्याचे पाय नुसते एकमेकांना बांधले नाहीत, जमिनीत मेख ठोकली, ती उगाच नव्हे. डिस्कला लावावयाचे छोटे कुलूप चांगले. मात्र ते लावल्याचे विसरून गाडी सुरू करणारा सकाळी चोरावाचूनच पडतो. ठावठिकाणा कळविणारे यंत्र गाडीत दडविता येते. तो आधुनिक जागल्या होय, पण त्याची बॅटरी जिवंत आहे ना हे पाहत जावे. दोन गाड्या असतील तर चांगली भिंतीकडे आणि जुनी बाहेर लावावी. आणि नोंदणीचे मूळ कागद डिकीत ठेवू नयेत. घोड्याबरोबर त्याची पावतीही चोराच्या हवाली करण्यासारखे ते आहे.

आता डागाकडे वळू. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर क्रमांक ठोकलेला असतो. पाटीवर एमएच-०९ हे आपल्या जिल्ह्याचे अक्षर असते. ती पाटी चोर पाच मिनिटांत बदलतो. म्हणून १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना पुन्हा न वापरता येणाऱ्या कुलपांनी बसविलेली, लेसरने क्रमांक कोरलेली पाटी सक्तीची झाली, आणि महाराष्ट्रात पुढे जुन्या वाहनांनाही ती लावण्याचा हुकूम निघाला. तिच्या खर्चाबद्दल लोकांनी बरीच कुरकुर केली. अकबराच्या सरदारांनीही डागाबद्दल केली होती.

हद्दीचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि जुन्या रेघा पुसल्या. पण कागलवरून निघालेला स्वार आजही तासाभराच्या आत निपाणीकडे, दुसऱ्या राज्यात असतो. तेथे गाडीची नवी नोंद करावयाची तर येथल्या कचेरीचा ना-हरकत दाखला लागतो. कागदोपत्री हा मागच एका जागल्याने दुसऱ्याच्या स्वाधीन केला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेप्रमाणे चोरीची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर आता कायद्याला मान्य नाही. खबर त्याच दिवशी द्यावी, तिची प्रत घ्यावी आणि विमा कंपनीस लगेच कळवावे. पण आपल्यातील अनेकांपाशी केवळ तिसऱ्या पक्षाचा विमा असतो. तो अपघातात दुसऱ्याचे नुकसान भरतो. चोरीला गेलेल्या गाडीचा त्यातून एक पैसाही येत नाही. शेवटच्या गावावर भरपाई टाकणारी एल्फिन्स्टनच्या काळची ती रीत आता कोठे उरली नाही.

गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका दूधवाल्याची गाडी रात्रीतून गेली. विमा तिसऱ्या पक्षाचा होता, हप्ते अकरा राहिले होते. आठवड्याने कोणी गृहस्थ त्याला म्हणाला, एक गाडी आहे, निम्म्या भावात, कागद मागाहून देतो. त्याला गाडीची किती निकड होती हे मला ठाऊक आहे. तरी तो खाली वाकला, रुमालाने सांगाड्यावरचे ग्रीस पुसले आणि क्रमांक पाहिला. तो कानशीने घासलेला होता. त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी किटल्या घेऊन पहाटेच्या एस.टी.ने गंगावेशीत आला.