गुन्हेगाराचा अंत : संकेत आणि सक्ती

गुन्हेगारीपटाच्या संकेतव्यूहात गुन्हेगाराचा अटळ अंत हा सर्वांत स्थिर संकेत मानला जातो. उदय, सत्ता आणि पतन हा आकृतिबंध १९३०च्या दशकारंभीच्या अमेरिकी टोळीपटांत सिद्ध झाला. रॉबर्ट वॉर्शो यांनी १९४८ सालच्या निबंधात या टोळीनायकाला शोकात्म नायक मानले. यशासाठी समूहापासून वेगळे व्हावे लागते आणि एकाकी माणूस असुरक्षित होतो. म्हणून यश हेच त्याच्या मरणाला कारण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. उलटपक्षी, हा अंत म्हणजे नियामकांनी लादलेला नीतिबोध होय, अशीही एक उपपत्ती आहे. दोन्ही उपपत्ती कालक्रमाच्या कसोटीवर तपासावयास हव्यात.

हॉलिवूडच्या निर्मातासंघाने आपली आचारसंहिता मार्च १९३० मध्ये स्वीकारली. तिची कठोर अंमलबजावणी मात्र जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत १९३४ पासून सुरू झाली. पतनाचा संकेत त्यापूर्वीचा आहे. स्टर्नबर्ग यांच्या ‘अंडरवर्ल्ड’ (१९२७) मधील टोळीनायक अखेर पोलिसांच्या स्वाधीन होतो. ‘लिटल सीझर’ (१९३१) ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, ती डब्ल्यू. आर. बर्नेट यांची कादंबरी १९२९ची. तिच्यातही रिको मारला जातो. संहितेने हा संकेत निर्माण केला नाही. त्याचा अर्थ आपल्या ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला.

हॉवर्ड हॉक्स यांचा ‘स्कारफेस’ (१९३२) याची साक्ष देतो. पोलिसांच्या गोळ्यांनी टोनी रस्त्यावर कोसळतो, तेव्हा वर ‘जग तुमचे आहे’ असे सांगणारी जाहिरातीची पाटी झळकत असते. त्याचा घात गुन्ह्याने केला की त्या आश्वासनाने, हा प्रश्न प्रतिमा खुला ठेवते. नियामकांच्या आक्षेपांमुळे चित्रपटाला प्रास्ताविक मजकूर व ‘राष्ट्राची लाज’ हे उपशीर्षक जोडले गेले आणि टोनीला फाशी होते असा पर्यायी शेवटही चित्रित झाला. मृत्यू दोन्हीकडे आहे. परंतु एकीकडे तो कथानकातून उद्भवतो, तर दुसरीकडे न्यायालयाच्या निकालातून.

१९३४ नंतर सक्ती वाढली, तेव्हा संकेतांची अदलाबदल झाली. ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१) मधला टोळीवाला जेम्स कॅग्नी ‘जी मेन’ (१९३५) मध्ये सरकारी तपास अधिकारी झाला. आवेग आणि पिस्तूल तेच राहिले, पक्ष तेवढा बदलला. बिली वाइल्डर यांनी ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) मध्ये याहून सूक्ष्म मार्ग शोधला. जखमी नेफच्या कबुलीजबाबानेच कथन सुरू होते. नियमाने अनिवार्य केलेला शेवट येथे आरंभ होतो आणि नियतीचे रूप घेतो. देहदंडाचे चित्रित केलेले दृश्य वाइल्डर यांनी वगळले. उरली ती दाराशी कोसळलेल्या नेफची सिगारेट पेटवून देणाऱ्या सहकाऱ्याची कृती.

१९६८ मध्ये संहितेची जागा वर्गीकरणपद्धतीने घेतली आणि मृत्यूची सक्ती संपली. ‘द गॉडफादर’ (१९७२) च्या अखेरीस मायकेल जिवंत आहे, सत्ताधीश आहे. पण पत्नी आणि तो यांच्यामध्ये दार बंद होते. नियमाने मागितलेला दंड गळून पडला; वॉर्शो यांनी हेरलेले एकाकीपण मात्र टिकले. नियमाबरोबर जे लोपले ते सक्तीचे, आणि नियमानंतरही जे उरले ते त्या चित्रपटप्रकाराचे स्वतःचे, असा विवेक या इतिहासाच्या आधारे करता येतो.