क्रिस्तपुराणाचे श्रोते व नकलकार

१. मावळांतील भोर व वेल्हे या भागांत जुन्या पोथ्यांच्या शोधार्थ जे हिंडले असतील, त्यांस रुमालांत बांधलेल्या पोथीची स्थिति सांगावयास नको. पानांच्या कडा बोटांनीं काळवंडलेल्या, कोठें दिव्याच्या तेलाचा डाग, कोठें फाटलेल्या पानाच्या जागीं दुसऱ्या हातानें लिहून घातलेलें नवें पान. हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत या पोथ्या एकानें वाचावयाच्या व दहांनीं ऐकावयाच्या. म्हणून त्या झिजत, आणि झिजत म्हणूनच पुन्हा उतरून घेतल्या जात. ग्रंथ लोकांत नांदत असल्याची ही खूण होय. हीच खूण ज्यावर उमटली आहे, परंतु ज्याचे श्रोते ख्रिस्ती होते, अशा एका मराठी ग्रंथाचा विचार येथें कर्तव्य आहे. तो ग्रंथ म्हणजे फादर टॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराण. त्याच्या भाषेविषयीं व त्यांतील मराठीच्या स्तुतीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तो कोणाच्या मागणीनें झाला व पुढें कोणीं राखला, या प्रश्नांकडे मात्र तितकें लक्ष दिलें जात नाहीं. आमच्या मतें दोहोंचें उत्तर एकच आहे. ज्यानें पाद्रीपणाची दीक्षा घेतली नव्हती, अशा संसारी ख्रिस्ती माणसानें तो मागितला आणि त्यानेंच तो राखला.

२. ग्रंथकाराची हकीकत थोडक्यांत अशी. स्टीफन्स हा जन्मानें इंग्रज; इ. स. १५४९ च्या सुमारास विल्टशायर परगण्यांत जन्मला, येशूसंघांत शिरला, आणि २४ आक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. पुढील चाळीस वर्षें, १६१९ त मृत्यु येईपर्यंत, तो याच प्रांतांत राहिला व त्यांतील बहुतेक काळ साष्टी महालांत गेला. साष्टी येशूसंघाकडे आणि बारदेश फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे, अशी त्या वेळची वांटणी होती. क्रिस्तपुराण १६१६ त साष्टींतील रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें व पुढें १६४९ आणि १६५४ त पुन्हा छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वरु (अध्याय) असून सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते. दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरूंत ख्रिस्ताचें चरित्र आहे. एकंदर ओव्या सुमारें ११,००० भरतात.

३. मागणीचा पुरावा ग्रंथाच्या पोटांतच आहे. पहिल्याच अवस्वरूंत साष्टींतील देवळाचा प्रसंग वर्णिला आहे. मुलांस धर्मशिक्षण देणें आटोपलें असतां नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूपुढें येतो व आपलें गाऱ्हाणें मांडतो. त्याचा आशय असा कीं, तुम्हीं सांगितलेली शिकवण आम्हांस मान्य आहे. परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, आणि त्यांच्या जागीं वाचावयास कांहींच दिलें नाहीं. तेव्हां तशा प्रकारचें एखादें पुराण आमच्या भाषेंत कां रचीत नाहीं? ही योजना कविसंप्रदायास धरून आहे हें खरें; श्रोत्यानें प्रश्न करावा व वक्त्यानें त्यावर कथा सांगावी, ही पुराणांची जुनीच रीत होय. तरी प्रश्नांतील वेदना संप्रदायाची नाहीं. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पोथी वाचली गेली, त्या घरांतील कोनाडा रिकामा झाला होता. प्रश्नोत्तरांच्या लहान पुस्तकानें बालकांचें काम भागतें. संसाराचा दिवस संपल्यावर चार माणसें जमवून जें वाचावयाचें, तें त्यानें भागत नाहीं. हें त्या ब्राह्मणानें ओळखलें होतें आणि स्टीफन्सनेंही ओळखलें.

४. या मागणीचें महत्त्व ध्यानांत येण्यास त्या काळच्या युरोपाकडे पाहिलें पाहिजे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतर १५६४ त जी निषिद्ध ग्रंथांची यादी प्रसिद्ध झाली, तिच्या नियमान्वयें देशी भाषेंतील बायबल वाचण्यास संसारी माणसाला वरिष्ठांची लेखी परवानगी लागे. म्हणून त्याच्यासाठीं चरित्रें, चिंतनें व बोधपर ग्रंथ हेंच वाचन उरलें. हेच ग्रंथ पाद्र्यांनीं पूर्वेकडेही नेले. जपानांत येशूसंघाच्या छापखान्यानें 'ख्रिस्ताचें अनुकरण' हा ग्रंथ १५९६ त आणि लुईस दे ग्रानादाचा पाप्यांस मार्ग दाखविणारा ग्रंथ १५९९ त जपानी भाषेंत छापला. ते युरोपीय गद्याचे अनुवाद होते. गोव्यांतही पुढें तसा एक यत्न झाला. जुआंव द पेद्रोज या पाद्र्यानें एका स्पॅनिश चिंतनग्रंथाचें कोंकणी गद्यांत केलेलें भाषांतर १६६० त छापलें गेलें. स्टीफन्सनें मात्र श्रोत्यानें जें मागितलें तेंच दिलें, म्हणजे ओवीबद्ध पुराण. बायबलांतील कथा एवढ्या विस्तारानें संसारी माणसाच्या हातीं देण्यास दुसरी वाट त्या काळीं क्वचितच मोकळी असेल.

५. हें पुराण एकाएकीं निपजलें नाहीं. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत जीं गोमंतकीय बाडें आहेत, त्यांत रामायण-महाभारतांतील कथा व मराठी संतकवींचें काव्य रोमन लिपींत उतरलेलें आढळतें. ज्या पोथ्या लोकांस वर्ज्य ठरल्या, त्याच पाद्र्यांच्या अभ्यासास आल्या, हा त्यांतील विरोध कोणाच्याही लक्षांत येईल. स्टीफन्सच्या रचनेवर त्या अभ्यासाची छाया स्पष्ट आहे. आरंभीं मंगलाचरण आहे. मोक्ष, मुक्ति, पाप, पुण्य हे शब्द तर आहेतच, पण स्वर्गास 'वैकुंठ' म्हणण्यासही कवि कचरत नाहीं. भाषेविषयीं त्यानें आपलें धोरण स्वतःच सांगितलें आहे. देवाच्या गोष्टी सांगण्यास मराठी योग्य, परंतु शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाहीं, म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाकून ब्राह्मणांच्या बोलींतील, म्हणजे कोंकणींतील, सोपे शब्द मिसळले. पंडितांकरितां लिहिणारा असें म्हणत नाहीं.

६. लिपीचा प्रश्न संग्राहकांच्या विशेष आस्थेचा आहे. १६०८ त स्टीफन्सनें रोम येथील संघप्रमुख आक्वाविवा यांस लिहिलेल्या पत्रांत देशी लिपींत ग्रंथ छापण्याची इच्छा प्रकट केली. जोडाक्षरांमुळें खिळ्यांची संख्या ६०० च्या घरांत जाते, पण ती २०० सांच्यांवर आणतां येईल, असा हिशेबही त्यानें मांडला. तो बेत सिद्धीस गेला नाहीं. तथापि विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतून लंडन येथील प्राच्यविद्यालयाकडे आलेली क्रिस्तपुराणाची देवनागरी पोथी जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२३ त उजेडांत आणली. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन धर्मसंज्ञा आहेत, तेथें या पोथींत बहुधा संस्कृत वळणाचे शब्द येतात. अ‍ॅबट यांनीं हेंच मूळ मानलें. मूळ कोणतेंही असो, एकच पुराण दोन लिपींतून वाचलें गेलें, एवढें यावरून निश्चित ठरतें.

७. स्टीफन्सच्या मागून इतरही आले. फ्रेंच येशूसंघी एतिएन द ला क्रुआ याचें संत पीटरवरील ओवीबद्ध पुराण १६२९ पासून छापलें गेलें. आंतोनियो द साल्दान्य यानें पादुआच्या संत आंतोनीचें चरित्र १६५५ त दिलें. सारांश, सुमारें अर्ध्या शतकांत संसारी ख्रिस्ती माणसाचा कोनाडा पुन्हा भरूं लागला होता.

८. यापुढें राजकारण आडवें आलें. ज्या राज्याची पहिली बैठक वेल्ह्याच्या डोंगरांतील तोरणा व राजगड येथें बसली, त्या राज्याचे छत्रपति संभाजी महाराज १६८३ च्या अखेरीस गोव्यावर चालून गेले. बारदेश व साष्टी हे दोन्ही महाल त्यांच्या फौजेनें व्यापले होते. फौज परतल्यावर सहा महिने होतात न होतात तोंच, २७ जून १६८४ रोजीं, विजरई कोंद द आल्व्होर यानें फर्मान काढलें कीं प्रजेनें देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. त्यास तीन वर्षांची मुदत दिली. फर्मान स्वारीमुळेंच निघालें असें आम्ही म्हणत नाहीं. भाषेविरुद्धची तक्रार पाद्र्यांच्याच एका पक्षांतून पूर्वींपासून चालत आली होती. पुढें १७४५ त आर्चबिशप लोरेंसो द सांता मारिया यानें पोर्तुगीज न येणाऱ्यांचीं लग्नें लावूं नयेत इथवर मजल नेली. इकडे गोव्यांतील छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बंद पडली, ती १८२१ त पुन्हा सुरू झाली. म्हणजे सुमारें दीड शतक क्रिस्तपुराणास छापखाना नव्हता आणि ज्या भाषेंत तें होतें तिला राजाश्रयही नव्हता.

९. असें असतां ग्रंथ आज आपल्या हातीं आहे. तो कसा राहिला, याचा विचार करतां एक नवल दिसून येतें. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. उपलब्ध आहेत त्या सर्व हातानें उतरलेल्या नकला. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयांतील नक्कल मडगांवच्या मानुएल साल्वादोर रिबेलो यानें १७६७ त केलेली आहे. म्हणजे फर्मानानंतर ८३ वर्षें व आर्चबिशपाच्या हुकमानंतर २२ वर्षें. हजारों ओव्या बोरूनें उतरण्याचे कष्ट, जो ग्रंथ कोणी ऐकत नाहीं त्यासाठीं कोणी करीत नसतो. गोवें सोडून दक्षिण कानड्यांत गेलेल्या कुटुंबांनींही तो बरोबर नेला. १७८४ त टिपू सुलतानानें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें. तेथें १७९९ पर्यंतच्या बंदिवासांत या पुराणाच्या ओव्यांनीं धीर दिला, अशी परंपरा त्या समाजांत सांगतात. परंपरा म्हणूनच आम्ही ती नमूद करतों. परंतु जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ त मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापला तो हस्तलिखितांवरूनच, हें प्रमाण त्या परंपरेस बळकटी देतें. त्यानंतर शांताराम बंडेलू यांनीं १९५६ त पुण्याहून देवनागरी आवृत्ति काढली व कारिदाद द्रागो यांची आवृत्ति १९९६ त मुंबईहून निघाली.

१०. यावरून आम्हांस दोन गोष्टी निष्पन्न झाल्यासारख्या वाटतात. पहिली ही कीं, ख्रिस्ती धर्माची मराठी पोथी ही केवळ पाद्र्यांची प्रचारसामग्री समजून बाजूस सारणें योग्य नव्हे. प्रचाराचा हेतु तींत होताच. ज्यांनीं जुन्या पोथ्या बंद केल्या, त्यांच्याच पक्षाकडून ती आली, हेंही विसरतां येत नाहीं. पण पाद्र्यांच्या सत्तेनें जेव्हां त्या भाषेवर हात उगारला, तेव्हां ती पोथी वांचविण्यास गृहस्थच पुढें आला. त्याच्या भक्तीस मराठी ओवीवांचून करमेना, एवढाच याचा अर्थ.

दुसरी गोष्ट संग्राहकांसाठीं. रोमन अक्षरांतील जुनें बाड हातीं आलें म्हणजे तें पोर्तुगीज असेल असें समजून परत करण्याची चाल आहे. त्यांतील चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. डोळ्यास परकीं वाटणारीं अक्षरें कानास ओवी ऐकवितील, आणि मावळांतील पोथीप्रमाणेंच त्या पानांच्याही कडा काळवंडलेल्या आहेत कीं काय, तें मग पाहावें.