हंटिंग लाइनचे वंशज

लोड बॅलन्सरवर चालू असलेली कनेक्शने कमांड देऊन पाहणे, नवी थांबवणे आणि जुनी तोडणे, या कामाचे मूळ सहसा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत, शोधले जाते. १९९४च्या सुमारास अमेरिकेत एनसीएसए या संशोधन केंद्राच्या वेबसर्व्हरवरचा भार वाढला, तेव्हा आळीपाळीने वेगवेगळ्या मशीनचे पत्ते देण्याची युक्ती निघाली. पण पत्ता दिला की डीएनएसचे काम संपते. कोणत्या मशीनवर किती जण जोडलेले आहेत, याची त्याला गंधवार्ताही नसते. त्याला मूळपुरुष मानणे पटत नाही.

खरे कूळ टेलिफोन एक्स्चेंजचे. मुंबईत एक्स्चेंज १८८२ मध्ये आले. मोठ्या एक्स्चेंजमध्ये एकाच ग्राहकाचे जॅक अनेक ऑपरेटरांसमोर असत. त्यामुळे जोडण्याआधी ऑपरेटर प्लगचे टोक जॅकच्या कडेला टेकवून पाही. कानात ‘टक्’ वाजले की लाइन गुंतलेली. बोलणे संपल्याचा दिवा लागला की प्लग उपसला जाई. चालू जोडणी ओळखणे, नवी देणे आणि जुनी तोडणे ही तिन्ही कामे तेव्हा एकाच हातात होती. स्ट्रोजरच्या स्वयंचलित एक्स्चेंजच्या १८९१च्या पेटंटनंतर ती हळूहळू यंत्राकडे गेली. पुढे एकाच नंबरमागे अनेक लाइन ठेवून मोकळी शोधणारे ‘हंटिंग’ आले. लोड बॅलन्सर नेमके हेच करतो. हे नाते कागदोपत्री नसेल, रचनेत मात्र उघड दिसते.

१९९८ मध्ये वेनसाँग झांग यांनी लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर हा लोड बॅलन्सर सुरू केला. त्याच्या ‘आयपीव्हीएसएडीएम’ या कमांडच्या यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे चालू आणि निष्क्रिय कनेक्शनांचे वेगळे रकाने असतात. सर्वांत कमी कनेक्शनांचा सर्व्हर निवडताना एक चालू कनेक्शन २५६ निष्क्रिय कनेक्शनांइतके धरले जाते. ऑपरेटरच्या कानातली ‘टक्’ इथे आकडा झाली आहे.

सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असेल तर त्याचे वजन, म्हणजे त्याला नव्या कनेक्शनांचा किती वाटा द्यायचा तो आकडा, शून्य करतात. नवे कनेक्शन मिळत नाही, जुने चालू राहते. मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणाच्या कालव्याचे दार लावले, तरी आधी उतरलेले पाणी वाहतच राहते, तसेच हे. एचएप्रॉक्सी या दुसऱ्या लोड बॅलन्सरमध्ये या अवस्थेला ‘ड्रेन’च म्हणतात. तिथे उरलेली सत्रे तोडण्याची कमांड वेगळी आहे. लिनक्सच्या व्यवस्थेत मात्र गप्प पडलेल्या टीसीपी कनेक्शनाची नोंदही मूळ सेटिंगनुसार ९०० सेकंद टिकते, म्हणून चालू कनेक्शनांचा रकाना शून्यावर येईपर्यंत थांबून मगच मशीन बंद करतात.