ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर खड्डे घेता येतात, मग बोअर का नाही?

बारामती, इंदापूर भागात डाळिंब, द्राक्षं, पेरूच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. डाळिंबासाठी ४.५ बाय ३ मीटरवर लागवड केली, तर एकरी साधारण ३०० खड्डे घ्यावे लागतात. त्यामुळे जुना पंप आणि हायड्रॉलिक मोटर आणून खड्ड्यांचं मशीन घरीच बनवावं, असा विचार पुढे येतो.

मशीन चालतं कसं?

ट्रॅक्टरचा पीटीओ पंप फिरवतो. पंप टाकीतलं तेल दाबाने मोटरकडे पाठवतो, मोटर गिरमिट फिरवते आणि तेल फिल्टरमधून टाकीत परततं. पीटीओचे फेरे मिनिटाला ५४०. पंपाला बहुधा जास्त वेग लागतो, म्हणून मध्ये वेग वाढवणारा गिअरबॉक्स येतो.

जुने भाग जुळवायचे कसे?

तेलाचा प्रवाह वेग ठरवतो, तर दाब ताकद ठरवतो. समजा, पंप मिनिटाला ४० लिटर तेल देतो आणि मोटरला एका फेऱ्याला ४०० सीसी तेल लागतं. म्हणजे गिरमिट मिनिटाला १०० फेरे घेईल. १५० बार दाबाला पीळ मिळेल सुमारे ९५० न्यूटन मीटर आणि त्यासाठी १३ एचपी लागतील. हा कागदावरचा हिशोब. गळती आणि घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं.

लहान मोटर लावली तर वेग वाढतो, पण मुरुमात गिरमिट अडकतं. अशा वेळी दाब एकदम चढतो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह हवाच आणि तो सगळ्यात कमकुवत भागाला झेपेल एवढ्याच दाबावर लावायचा.

मग बोअर का नाही?

कारण खाली काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट आहे. गिरमिट माती आणि मऊ मुरूम कापतं, हा खडक कापत नाही. बोअरच्या गाडीवर मोठा कॉम्प्रेसर असतो. त्याच्या हवेवर खाली हॅमर ठोके देतो आणि तीच हवा खडकाचा चुरा वर फेकते. हायड्रॉलिकचं काम रॉड फिरवणं आणि वर-खाली करणं एवढंच. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार बोअरच्या गाडीची नोंदणी लागते आणि अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेता येत नाही.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

जुना होज पाइप. त्याला सुईएवढं छिद्र पडलं, तरी तेलाची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही; पण आत तेल पसरून बोट किंवा हात कापण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी मलम लावून थांबू नये. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन ‘दाबाखालचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगावं.

गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. पाइप सोडवण्याआधी इंजिन बंद करून दाब उतरवावा. बाकी भाग जुने चालतील, होज मात्र नवाच घ्यावा.