परसातल्या राखणीचा मागोवा

कोंबडीला कोल्ह्यापासून वाचवण्याचा पहिला उपाय माणसाने शोधलेला नाही. माणसाकडे येताना तो कोंबडीनेच बरोबर आणला. सह्याद्रीतल्या आंबोलीच्या रानात आजही करडा रानकोंबडा तिन्हीसांज होताच जमीन सोडून फांदीवर चढतो, कारण काळोख पडला की कोंबडीच्या जातीला जवळजवळ काहीच दिसत नाही. 18 व्या शतकात हिंदुस्थानात येऊन गेलेल्या पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाला हा करडा रानकोंबडाच घरच्या कोंबडीचा पूर्वज वाटला होता. पुढे डार्विनने 1868 मध्ये तो मान तांबड्या रानकोंबड्याला दिला आणि सोनेराचे मत मागे पडले. मात्र 2008 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले, की घरच्या कोंबडीचे पिवळे पाय या करड्या रानकोंबड्याकडून आलेले आहेत. म्हणजे आपल्या परसातल्या कोंबडीत सह्याद्रीच्या रानाचाही थोडा अंश आहे. परसात फणसाच्या फांदीवर रात्र काढू पाहणारी कोंबडी हट्टी नसते, ती जुनी शिकवण पाळत असते.

त्या शिकवणीचे एक जुने चित्र आपल्याला भारहूतच्या स्तूपावर भेटते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातल्या या शिल्पात झाडावर कोंबडा आणि झाडाखाली मांजरी आहे. जातककथेतली ही मांजरी गोड बोलून, लग्नाची गोष्ट काढून कोंबड्याला खाली उतरवू पाहते, आणि तो उतरत नाही. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने 1873 मध्ये उजेडात आणलेले हे दगड आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. झाड हेच त्या काळचे खुराडे होते. पण झाडावर मांजर चढते, उदमांजर चढते, अजगरही चढतो; आणि खाली बसलेल्या अंडी उबवणाऱ्या कोंबडीला तर झाडाचा काहीच उपयोग नाही. म्हणून माणसाला पुढची पायरी चढावी लागली.

ती पायरी म्हणजे डालगे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपण सहज बोलून जातो, पण ते झाकायचे साधन ती म्हण बोलणाऱ्यांच्या रोजच्या वापरातले होते. बांबूच्या पातळ बेळांनी विणलेले, वर निमुळते, खाली पसरट. सकाळी त्याखाली पिल्लांसह कोंबडी डालायची आणि वर एखादा चिरा ठेवायचा, की घारीची झडप आणि कावळ्याची चोच दोन्ही बाहेर राहत. वजनाला हलके, उन्हाबरोबर अंगणात सरकवता येणारे, आतल्या पिल्लांना वारा देणारे. ते विणणाऱ्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. गडकोट बांधणाऱ्यांच्या नावांची पाने भरली. माझ्या मते हा अन्यायच आहे, कारण कोकणातल्या घराघरांत अंडे-पिल्लू टिकले ते या विणीमुळे. डालग्याचे बळ दिवसापुरते मात्र खरे. रात्री कोल्हा त्याला नाक लावून उलथवतो, आणि साप तर विणीतूनच आत जातो.

रात्रीसाठी कोकणाने आपल्या जमिनीतूनच उत्तर काढले. जांभ्याचे चिरे गोठ्याच्या किंवा पडवीच्या भिंतीला लागून रचायचे, मातीने लिंपायचे, वर फळ्या किंवा कौले. आणि तोंड इतकेच ठेवायचे की कोंबडी मान खाली घालून आत जाईल. तोंडाला फळी, फळीला बाहेरून दगडाचा टेका. या खुराड्यावरचा खरा पहारा घरातल्या बाईचा असे. ती तिन्हीसांजेला दाणे टाकून कोंबड्या आत घेई, मोजी, आणि एक कमी असेल तर दिवा घेऊन वईच्या कुंपणापर्यंत जाई. देशावरच्या माळांवरचे खोकड इथे शत्रू नव्हते. इथे कोल्हा, रानमांजर, मुंगूस, क्वचित बिबट्या. एवढे करूनही उरलेली काळजी राखणदार देवावर सोपवली जाई. सिंधुदुर्गात आजही वाड्यावाड्यांतून राखण दिली जाते, आणि गुराढोरांची, माणसांची रखवाली करणाऱ्या त्या देवाला मान मिळतो तो बहुधा कोंबड्याचाच. आचरे, चिंदर, वायंगणीच्या गावपळणीत तर काही वर्षांनी सारा गाव वेशीबाहेर राहुट्यांत राहायला जातो, तेव्हा गुरांबरोबर कोंबड्याही नेल्या जातात. मागे कोणी उरायचे नाही, हा नियम त्यांनाही लागू.

यानंतरचे वळण फार दूर, इंग्लंडमधल्या नॉर्विच या विणकरांच्या शहरात घडले. तिथे चार्ल्स बर्नार्डने 1844 मध्ये मागाच्या धर्तीवर तारेची जाळी विणण्याचे यंत्र केले. षटकोनी घरांची ही जाळी पुढे जगभर ‘कोंबडीची जाळी’ म्हणून गेली आणि आपल्याकडेही आली. ती कोंबडीला आत ठेवते खरी, पण कोल्ह्याला बाहेर ठेवेलच असे नाही. तार पातळ, दाताने ताणली की वाकते. मुंगूस तिच्याखालून माती उकरतो. आणि मालवणच्या खाऱ्या हवेत ती काही पावसाळ्यांतच गंजते. तरी ती आली आणि अनेक घरांतले जांभ्याचे खुराडे मोडीत निघाले. हा सौदा तोट्याचा होता.

जाळीबरोबर पांढरी लेगहॉर्नही आली. अंडी पुष्कळ, पण हिरव्या परसात घारीला आकाशातून दिसणारी. हैदराबादला 1988 मध्ये सुरू झालेल्या कुक्कुट संशोधन प्रकल्पाने मग उलटा विचार केला. ‘वनराजा’ ही जात रंगीबेरंगी पिसांची ठेवली, म्हणजे पाचोळ्यात ती सहज नजरेत भरू नये, आणि पाय लांब ठेवले, म्हणजे पळता यावे. रानकोंबड्याकडचे शहाणपण प्रयोगशाळेने असे परत घेतले. कायदाही बदलला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानप्राण्यांच्या शिकारीवर निर्बंध आले, आणि 2022 च्या दुरुस्तीने कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला. फासे, विष, बंदूक हे मार्ग आता गुन्हा आहेत, आणि ते योग्यच आहे; उंदीर-घुशी खाणारा कोल्हा शेताचाही राखणदार आहे.

आज किनाऱ्यावरच्या वाड्यांत मासेमारीतून बाद झालेली नायलॉनची जाळी खळ्यावर ताणलेली दिसतात. घारीसाठी याहून चांगला, बिनखर्चाचा उपाय नाही. मात्र ती ताठ बांधा, सैल जाळ्यात साप आणि घुबडे अडकून मरतात. रात्रीसाठी जुने खुराडे शाबूत असेल तर ते मोडू नका. नवे करायचे तर अर्ध्या इंचाची, वेल्डिंगची जाड जाळी घ्या आणि तिची कड फूटभर जमिनीत पुरा. आणि फळी लावण्याआधी कोंबड्या मोजा.